यंत्र तुमचे, हुकूम त्यांचा

संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या एका लहानशा चौकटीपासून आरंभ करणे सोयीचे होईल. २०१५ सालापासून विंडोजच्या सातव्या आणि आठव्या आवृत्तीवर काम करणाऱ्या कोट्यवधी लोकांसमोर ही चौकट वारंवार येऊ लागली. विंडोजची दहावी आवृत्ती फुकट मिळते आहे, ती घ्या, असा तिचा आग्रह. चौकटीच्या कोपऱ्यात फुलीचे चिन्ह होते, आणि संगणकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला त्या फुलीचा एकच अर्थ वर्षानुवर्षे ठाऊक होता : 'मला हे नको.' २०१६ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीने हा अर्थ एकतर्फी फिरवला. फुली दाबून चौकट मिटवणाऱ्याने नवी प्रणाली ठरल्या वेळी बसवून घेण्यास संमती दिली आहे, असे गृहीत धरले जाऊ लागले. मौनाला संमती मानण्याची रूढी आपल्याकडे जुनीच आहे; परंतु स्पष्ट नकारालाच संमती ठरवण्याचा पराक्रम मात्र या मक्तेदार कंपनीच्या नावावर जमा करावा लागेल.

गदारोळ उठला तेव्हा कंपनीने महिन्याभरात फुलीला तिचा मूळ अर्थ परत केला. आपल्याकडून मर्यादा ओलांडली गेली, अशी कबुली कंपनीच्या विपणन विभागाच्या प्रमुखांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिली. तत्पूर्वी कॅलिफोर्नियात एक लहान पर्यटन-व्यवसाय चालवणाऱ्या महिलेने, या आगंतुक प्रणालीने आपला संगणक निकामी केला म्हणून लघुवाद न्यायालयात दावा लावून दहा हजार डॉलरची भरपाई मिळवली होती. कंपनीने अपील पुढे न रेटता ती रक्कम चुकती केली. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताच्या ग्राहक-केंद्राने सुमारे दीड वर्ष न्यायालयात झुंज दिली, तेव्हा कुठे ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने लेखी हमी दिली की, नव्या प्रणालीच्या फाइली वापरणाऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या यंत्रात यापुढे उतरवल्या जाणार नाहीत.

प्रकरण एवढ्यावर मिटले असे ज्यांना वाटले, त्यांनी त्या दहाव्या आवृत्तीचा परवाना वाचलेला नव्हता. (तो कोण वाचतो? आणि कोणी वाचू नये अशाच बेताने तो लिहिलेला असतो, हेही खरे.) प्रणाली तुम्हांला विकलेली नाही, केवळ वापरण्यास दिली आहे, हे त्या परवान्याचे पहिले तत्त्व. करार मान्य करणे म्हणजेच, यापुढे निराळी सूचना न देता येणारी स्वयंचलित अपडेट्स स्वीकारणे, हे दुसरे. म्हणजे आधी चौकट दाखवून संमती हिसकावण्याचा जो खटाटोप करावा लागत होता, त्याचीही आवश्यकता आता उरली नाही. संमती एकदाच, सरसकट आणि आगाऊ घेऊन ठेवलेली. कोऱ्या मुद्रांकावर अंगठा घेणाऱ्या सावकाराला हे तंत्र परके वाटले नसते.

परंतु खरी मौज पुढेच आहे. २९ जुलै २०१५ रोजी ही प्रणाली बाजारात आली, तेव्हा तिचे वर्ग पाडलेले होते. घरगुती वापराच्या 'होम' आवृत्तीला अपडेट नाकारण्याचा किंवा लांबवण्याचा अधिकार नव्हता. किंचित अधिक किंमत मोजणाऱ्या 'प्रो' आवृत्तीला नव्या सोयी काही महिने पुढे ढकलता येत. आणि मोठमोठ्या कंपन्यांसाठी असलेल्या 'एंटरप्राइज' वर्गात तर अशीही एक आवृत्ती होती, की जिच्यात दहा वर्षेपर्यंत कोणतीही नवी सोय घुसणार नाही, केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येतील. बँकांच्या एटीएमसाठी, रुग्णालयांतील यंत्रांसाठी, कारखान्यांतील नियंत्रण-यंत्रणांसाठी ती आहे, असे कंपनी स्वतःच सांगत होती. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. सुरक्षिततेची दुरुस्ती वेगळी आणि नव्या सोयींचा भडिमार वेगळा, ही फारकत तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे नव्हे; ती शक्य होती, तयार होती, आणि विकली जात होती. फक्त ती सामान्य माणसाला विकायची नाही, असे ठरले होते. अपडेटची सक्ती ही तंत्राची गरज नसून ती वर्गवारीनुसार लादलेली अट आहे, याला याहून सबळ पुरावा कोणता हवा?

या सक्तीमागची व्यवस्था किती चोख असावी याचा एक नमुना पाहा. जाणकार लोक प्रणालीच्या पोटात शिरून अपडेट आणणारी सेवा बंद करून ठेवीत. त्यावर २०१८ च्या सुमारास कंपनीने आणखी एक सेवा पाठवली, तिचे नाव 'अपडेट मेडिक', म्हणजे अपडेटचा वैद्य. हिचे काम एकच : अपडेट आणणारी सेवा कोणी बंद केली असल्यास ती 'आजारी' आहे असे समजून पुन्हा उभी करायची. घरमालकाने दाराला कडी घातली की दाराला रोग झाला असे निदान करून कडी काढणारा हा वैद्य! ज्या साधनाने अपडेटचे धोरण रीतसर ठरवता येते ते 'ग्रुप पॉलिसी' नावाचे साधन तर 'होम' आवृत्तीतून वगळूनच टाकलेले. २०१६ मध्ये 'कामाचे तास' सांगण्याची मुभा मिळाली, त्या तासांत यंत्र आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होणार नाही, एवढीच. माणूस दिवसाकाठी किती तास काम करतो हे कंपनीने ठरवले होते. पुढे २०१७ मध्ये ही मर्यादा अठरा तासांपर्यंत वाढवण्याचे औदार्य तिने दाखवले. 'होम' वाल्यांना अपडेट थांबवण्याची सोय मिळायला २०१९ उजाडले, तीही सात-सात दिवसांच्या हप्त्यांनी, अधिकात अधिक पस्तीस दिवस. चार वर्षे ओरड केल्यानंतर पस्तीस दिवसांची रजा.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. सक्तीचे समर्थक म्हणतात : सामान्य माणूस निष्काळजी असतो; दुरुस्ती हाती आली तरी तो 'उद्या करू' म्हणतो; त्याचे यंत्र रोगट झाले की ते दुसऱ्यांच्या यंत्रांना रोग देते; म्हणून देवीच्या लसीप्रमाणे येथेही सक्तीच हवी. यासाठी ते १२ मे २०१७ चा दाखला देतात. त्या दिवशी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बंद पाडले, ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य-सेवेतील रुग्णांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाऊन परतावे लागले. आणि ज्या भोकातून हा विषाणू शिरला ते बुजवणारी दुरुस्ती कंपनीने १४ मार्चलाच, दोन महिने आधी दिलेली होती. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोजच्या सातव्या आवृत्तीवर चालणारी होती. ती दुरुस्ती बसवली असती तर ती वाचली असती. हे सारे खरे आहे. सुरक्षिततेची दुरुस्ती वेळेवर बसवली पाहिजे, याविषयी आमचा प्रतिपक्षाशी काडीचाही मतभेद नाही, आणि अपडेट कायमचे बंद करून ठेवा असा सल्ला जे स्वयंघोषित तज्ज्ञ देतात, ते आपल्या शेजाऱ्यांचा घात करतात, असे आम्ही मानतो.

पण तोच दाखला पुरा वाचला पाहिजे. विषाणूचे हत्यार मुळात घडवले कोणी? अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने. विंडोजमधील भोक तिला ठाऊक होते, आणि ते बुजवण्यासाठी कळवण्याऐवजी तिने ते हेरगिरीसाठी राखून ठेवले. हत्यार चोरीस जाऊन एप्रिल २०१७ मध्ये उघड्यावर आले. ज्यांना निष्काळजी म्हणून हिणवले जाते त्या सामान्य माणसांचा यात हात नव्हता. दुसरे असे की, जुन्या एक्सपी प्रणालीसाठीची दुरुस्ती कंपनीजवळ होती. जादा पैसे मोजणाऱ्या बड्या गिऱ्हाइकांना अशा दुरुस्त्या मिळत असत. ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये त्यासाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले होते आणि पुढील वर्षी करार वाढवला नव्हता. इतर सर्वांसाठी ती दुरुस्ती खुली झाली ती आग लागल्यानंतर. सार्वजनिक आरोग्याची उपमा ज्यांना इतकी प्रिय आहे, त्यांनी सांगावे : लस पेटीत कुलूपबंद ठेवून ज्याच्याजवळ पैसे त्यालाच ती टोचणारा आरोग्याधिकारी आपण सहन केला असता का?

लसीची उपमा आणखी एका जागी मोडते. लस टोचणाऱ्याने सोबत आपल्या दुकानाची जाहिरातही कातडीखाली सरकवली, तर त्याला कोणी लोकसेवक म्हणणार नाही. येथे दुरुस्ती आणि विक्री एकाच सुईतून येतात. ज्या मार्गाने भोके बुजवण्याचे सामान यायचे, त्याच मार्गाने २०१५ मध्ये 'दहावी आवृत्ती घ्या' असे टुमणे लावणारा कार्यक्रम आला. २०१६ च्या आरंभी ती संपूर्ण नवी प्रणालीच 'शिफारस केलेली' अपडेट म्हणून त्याच टोपलीत घातली गेली. लोकांचा अपडेटवरचा विश्वास उडाला तो येथे. अनेकांनी चिडून सर्वच अपडेट्स बंद केली, आणि मग खऱ्या रोगापुढे ते उघडे पडले. निष्काळजीपणाचा हा वाटा कोणाच्या पदरी घालायचा?

सक्तीच्या अंगी अचूकता तरी असते का? २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोजची मोठी सहामाही अपडेट प्रसृत झाली आणि चार दिवसांत ती थांबवावी लागली. कारण काहींच्या यंत्रांतील 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' या कप्प्यांतील फाइली तिने पुसून टाकल्या. कुंपणानेच शेत खाल्ले. चाचणीसाठी ही आवृत्ती आधी वापरणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी हा दोष कंपनीला कळवलेला होता. तक्रारींच्या ढिगात तो कोणाच्या नजरेस पडला नाही. येथे हेही स्मरणात ठेवावे की, जुलै २०१४ मध्ये कंपनीने अठरा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लाखो वापरकर्त्यांकडून विनामूल्य चाचणी करून घेणारी योजना सुरू केली. पगारी परीक्षक घालवायचे, फुकटचे परीक्षक जमवायचे, आणि त्या फुकटच्यांनी दिलेला इशाराही वाचायचा नाही. फाइली गमावण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढेच होते, असे कंपनीने सांगितले. दहा हजारांत एक! ज्याच्या मुलीच्या बारशाची छायाचित्रे गेली त्याने हा हिशेब भिंतीवर टांगावा की काय?

दुसऱ्याच्या मालावर मालकी गाजवण्याची ही वृत्ती कोठवर जाते, त्याचा आणखी एक मासला आवर्जून सांगावासा वाटतो. दहाव्या आवृत्तीत 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची सोय आरंभापासून सुरू करूनच ठेवलेली होती. तिचा अर्थ असा की, तुमच्या यंत्रात उतरलेली अपडेट तुमचेच यंत्र, तुमच्याच जोडणीवरून, जगातील अनोळखी यंत्रांना पुरवणार. कंपनीचा वाहतूक-खर्च वाचावा म्हणून हमाली कोणी करायची? गिऱ्हाइकाने. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती ही अशी. मोठ्या कंपन्यांच्या आवृत्तीत ही सोय केवळ कचेरीच्या आतल्या जाळ्यापुरती मर्यादित होती. इंटरनेटवरची हमाली 'होम' आणि 'प्रो' वाल्यांच्या वाट्याला. येथेही वर्गवारी सुटली नाही.

तालुक्याच्या गावी टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. इंटरनेट मोबाइलवरून घेतलेले, दिवसाला दीड किंवा दोन जीबीच्या पॅकचे. सकाळी अपडेटने तेवढे गिळले की दिवसभराचे अर्ज भरणे खोळंबले. विजेचा भरवसा नाही. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर यंत्र पुन्हा उभे राहील की नाही याची हमी कोणी देत नाही. दाराशी शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख गाठायला आलेली मुले, आणि पडद्यावर 'संगणक बंद करू नका' हा आदेश. सिअॅटलजवळच्या कचेरीत बसून ज्याने 'माणूस रात्री झोपतो तेव्हा अपडेट करू' असे ठरवले, त्याच्या मनात रात्रीही वीज आणि अखंड जोडणी असलेलाच माणूस होता.

आमच्याच वर्तुळातील काही मित्र म्हणतील की, हा मध्यमवर्गीयांच्या गैरसोयीचा प्रश्न आहे, त्याला एवढे महत्त्व कशाला. त्यांना १९ जुलै २०२४ ची आठवण करून द्यावी. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीने त्या दिवशी सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निकामी केली. फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत जगभरची विमाने जमिनीवर बसली, रुग्णालये आणि बँका अडल्या, आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ही अपडेट मायक्रोसॉफ्टची नव्हती, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. पण रोग तोच. एक आवृत्ती मागे राहण्याचे सावध धोरण ज्या कंपन्यांनी बुद्ध्या स्वीकारले होते, त्यांनाही ही फाइल टाळता आली नाही. कारण अशा फाइलींना ते धोरण लागूच नव्हते. घरगुती गिऱ्हाइकाची लाचारी म्हणजे काय, हे बड्या उद्योगांना त्या एका सकाळी कळले. आणि मग काय झाले? अशा फाइली केव्हा आणि कोठे बसवायच्या याचे नियंत्रण गिऱ्हाइकांच्या हाती देण्याचे आश्वासन थोड्याच दिवसांत मिळाले. जे मागण्यासाठी सामान्य माणसाने चार वर्षे घसा कोरडा केला, ते बड्यांना ऑगस्ट संपण्यापूर्वी कबूल झाले.

मग मागणी काय? सुरक्षिततेची दुरुस्ती आणि नव्या सोयी यांची फारकत प्रत्येक वर्गाच्या गिऱ्हाइकासाठी व्हावी. बड्या कंपन्यांना जी आवृत्ती मिळते ती विद्यार्थ्यालाही मिळावी. यंत्र केव्हा बंद होऊन सुरू व्हायचे हे यंत्राच्या धन्याने ठरवावे. अपडेटमुळे झालेल्या हानीची जबाबदारी परवान्याच्या बारीक अक्षरांत उडवून लावता येऊ नये. यांतील एकही गोष्ट तंत्राला अशक्य नाही. मुक्त प्रणालींमध्ये डेबियनसारख्या ठिकाणी ती कित्येक वर्षे रूढ आहे : दुरुस्त्या आपोआप याव्यात की विचारून, हे वापरणारा ठरवतो आणि ते ठरवणे एका ओळीचे काम असते. तिकडेही सर्व आलबेल आहे असे मात्र समजू नये. उबंटूच्या 'स्नॅप' पद्धतीत आपोआप येणाऱ्या अपडेट्स बेमुदत रोखण्याची सोय २०२२ च्या अखेरीपर्यंत नव्हती, आणि तीही वापरणाऱ्यांनी भांडूनच मिळवली. केरळच्या सरकारी शाळांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच मुक्त प्रणाली स्वीकारली. लाखो मुले तीवर शिकली. ज्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' ही देशी मुक्त प्रणाली घडवली तिचे मुख्यालय आमच्या पुण्यात आहे, आणि महाराष्ट्रात २००१ पासून संगणक-साक्षरतेची प्रमाणपत्रे घाऊक वाटली गेली आहेत. त्या प्रमाणपत्रधारकांपैकी किती जणांना आपल्या यंत्रावरील अपडेटचा पान्हा कोठे आहे हे दाखवता येईल, याचा शोध शिक्षण खात्याने एकदा घ्यावा.

तोवर हाताशी आहे ते वापरावे. जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजून पैसे पडणारी आहे असे यंत्राला सांगितले, तर विंडोज बहुतेक मोठी अपडेट्स आपणहून उतरवत नाही. कामाचे तास नोंदवावेत. दुसऱ्यांना अपडेट पुरवण्याची हमाली बंद करावी. फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी, आणि मग सुट्टीच्या दिवशी, वीज असताना, स्वतःच्या हाताने सुरक्षिततेच्या दुरुस्त्या बसवाव्यात. त्या टाळू नयेत.

आणि ज्या दहाव्या आवृत्तीसाठी २०१६ मध्ये फुलीचाही अर्थ बदलला गेला, तिचे पुढे काय झाले, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिचा आधार काढून घेतला. अकरावी आवृत्ती चालण्यासाठी विशिष्ट सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनॅलिस या संस्थेने २०२३ च्या डिसेंबरात वर्तवला होता. काल ज्यांच्या दारात अपडेट लाथ मारून शिरत होती, त्यांनाच आता तीच अपडेट हात पसरून मागण्याची पाळी आली. आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, दुरुस्त्या हव्या असतील तर घरगुती गिऱ्हाइकाने तीस डॉलर द्यावेत, किंवा कंपनीचे खाते उघडून आपल्या यंत्राची जुळवणी तिच्या गोदामात ठेवावी, किंवा तिच्या बक्षीस-योजनेतील हजार गुण खर्ची घालावेत, असे तीन मार्ग जाहीर झाले. युरोपातील ग्राहक-संघटनांनी या अटींना हरकत घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये, मुदत संपण्यास काही आठवडे उरले असताना, युरोपीय आर्थिक क्षेत्रातील गिऱ्हाइकांपुरती पैशाची आणि गोदामाची अट कंपनीने मागे घेतली. साठ दिवसांतून एकदा खात्यात हजेरी लावली की पुरे. भारतातील गिऱ्हाइकांसाठी मात्र ते तीनही मार्ग जसेच्या तसे ठेवले गेले. आमच्याकडून हरकत कोणी घेतलीच नव्हती.